सहाचं ॲव्हरेज

१

तलासरीहून ऑफिस सुटून घरी पोचले तेव्हा ठकू आजीच्या पलंगावर झोपली होती. मी हात धुतले, पदराला पुसले आणि तिला उचललं. तिचं डोकं मागे पडलं.

झोपलेल्या बाळाचं डोकं कसं पडतं ते आईच्या हाताला माहीत असतं. त्यात एक भरवसा असतो. हे तसं नव्हतं. नुसतं मांस पडावं तसं ते पडलं.

"आई! हिला काय झालं?"

सासूबाई कपाळाला फडकं आवळून भिंतीला टेकून बसल्या होत्या. "झोपलीय गं ती. आत्ताशी तर झोपली. हळू बोल, माझंच डोकं पित्ताने फुटतंय."

"ही झोप नाहीये, आई. ठकू! ठकुली, बघ ना माझ्याकडे!"

तिने डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे न बघता कुठेतरी बघितलं आणि माझ्या खांद्यावर ओकली. चेहरा मलूल, हातपाय लुळे. ओठ तेवढे लालचुटुक, जसं कुणी लिपस्टिक लावून ठेवलंय.

हे तिसऱ्यांदा होत होतं.

दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, आणि थोड्या वेळाने माझी ठकू उठून बसली. नळी ओढायला लागली. नर्सच्या घड्याळाकडे बोट दाखवून हसली. मी भिंतीला धरून उभी होते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दर वेळी असंच होतंय. इथे आणली की बरी होते, घरी नेली की काही दिवसांनी पुन्हा तेच. घरात रॉकेल, पेट्रोल, वाडीत फवारायचं औषध, असं काही उघडं असतं का?"

"नाही हो. रांगायला लागली तेव्हापासून सगळं वर ठेवलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हिच्या अंगात काहीतरी जातंय, निलमताई. आणि ते तुमच्या घरातच जातंय."

२

आमचं घर डहाणूत, गावाच्या कडेला, चिकूच्या छोट्या वाडीत. नवरा प्रविण रेल्वेत. तो तेव्हा ट्रेनिंगला भुसावळला होता. घरात मी, ठकू, सासूबाई, दीर विपुल, आणि सकाळी कामाला येणारी धाकली. एवढीच माणसं. दवाखान्यातून परतताना रिक्षात मी एकेकाचं तोंड डोळ्यांसमोर आणत होते आणि स्वतःचीच मला लाज वाटत होती. तरी आणत होते.

धाकली वाडीमागच्या पाड्यावर राहायची. सकाळी यायची, ठकूला न्हाऊ घालायची, मऊ भात भरवायची आणि दुपार व्हायच्या आत निघून जायची. पुढे मी येईपर्यंत आजी.

रात्रीच्या जेवणाला विपुलचा विषय ठरलेला: गाडी. लाल, बसकी, मागे पंख लावलेली. उंबरगावच्या कारखान्यात तो ट्रेननेच जायचा. गाडी फक्त सकाळी जिमला, संध्याकाळी मित्रांबरोबर इराणी रोड ते समुद्र अशी गावातल्या गावात फिरायची. पेट्रोल मात्र अच्छाडच्या पुढे गुजरातमध्ये जाऊन भरायचा, तिकडे स्वस्त म्हणून.

"सिटीत बारा देईल म्हणाले होते शोरूमवाले," तो वरणात भात कालवत म्हणाला. "मला सहा पडतंय. सहा! टेम्पो बरा."

"डहाणूला सिटी कधीपासून म्हणायला लागले?" सासूबाई म्हणाल्या. एरवी मी हसले असते.

"आई, टाकी फुल करून मोजलंय मी. स्क्रीनवरही सहाच दाखवते. गाडीच्या कंपनीत तक्रार टाकलीय, उद्या त्यांचा माणूस येतोय बघायला." मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले परत सांगा."

"रॉकेल, पेट्रोल, असं काहीतरी पोटात..."

त्याचा घास हातातच राहिला. "आणि माझ्या टाकीतून काय जातंय?"

त्याने घास परत ताटात टाकला.

"धाकलीच्या नवऱ्याकडे मोटरसायकल आहे," विपुल म्हणाला. "पाइप घालून तोंडाने ओढतात हे लोक. त्याच हाताने बाळाला भरवते ती."

सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "मला नको आता. पित्त झालंय," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

३

सकाळी धाकली फाटकातून आत आली. हातात ठकूसाठी करवंदांचा द्रोण, मागे तिचा धाकटा मुलगा. विपुलने तिला अंगणातच अडवलं.

"पेट्रोल कुठे नेतेस?"

"कसला पेट्रोल?"

"नाटकं नको करूस. टाकीतलं. आणि पोरीला काय चाटवतेस?"

धाकलीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू बोल. मी नाय केला काय. पोर माझे हातून खाते तवा हसत असते. मी जाते तवापन हसत असते."

मी ठकूला छातीशी घट्ट धरून ओट्यावर उभी होते. गेले दोन महिने याच बाईच्या भरवशावर मी कामाला जात होते. मला वाटत होतं, काहीतरी चुकतंय. पण ठकूचं ते पडलेलं डोकं माझ्या हातात अजून होतं. भीतीने माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला ऐकू येत नाही.

"पुन्हा या फाटकात पाय ठेवलास तर पोलिसांना बोलवीन," मी म्हणाले.

तिने द्रोण ओट्यावर ठेवला. मुलाचा हात धरला.

"थांबा हो जरा," फाटकातून आवाज आला. "पेट्रोल चोरीला गेलेलंच नाहीये."

हेल्मेट काखेत धरून एक मुलगी उभी होती. गळ्यात गाडीच्या कंपनीचं कार्ड. "रश्मी सावे. ॲव्हरेजच्या तक्रारीसाठी आले. तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतोय, म्हणून ऐकलं. सॉरी."

"चोरी नाही कशावरून?" विपुल.

"तुम्हीच तक्रारीत लिहिलंय. टाकी फुल करून मोजलं तर सहा, स्क्रीनवरही सहा. बरोबर? अहो, टाकीतून कुणी पाइपने काढलं तर ते इंजिनाला मिळतच नाही. स्क्रीन हिशोब करते तो इंजिनात गेलेल्या पेट्रोलवरून. चोरी असती तर पंपावर सहा आणि स्क्रीनवर बारा दिसलं असतं. दोन्हीकडे सहा म्हणजे पेट्रोल तुमच्याच इंजिनात जळलंय."

विपुलचं तोंड उघडं राहिलं.

मी धाकलीकडे वळले. ती मुलाला घेऊन केव्हाच निघून गेली होती. पेट्रोलचा आळ गेला होता, पण माझ्या बाळाच्या अंगात काय जातंय, ते अजून घरातच होतं. आणि आता संशय घ्यायला परकं माणूसही उरलं नव्हतं.

४

गाडी वाडीच्या टोकाला, चिकू निवडायच्या जुन्या शेडमध्ये असायची. रात्रभर चिकूवर वटवाघळं येतात, त्यांच्या घाणीने रंग खराब होतो, म्हणून विपुलने शेडला शटर बसवलं होतं आणि जाळ्यांना जाड प्लास्टिक ठोकलं होतं. आत वारा शिरायलाही जागा नव्हती.

विपुलला ट्रेन गाठायची होती, तो गेला. रश्मीने गाडी बाहेर काढली, गावातून फिरवून आणली आणि येऊन ओट्यावर बसली. "गाडी ठणठणीत आहे. मला बारा मिळाले. सायलेन्सर मात्र बदललाय ना यांनी?"

"वापीहून बसवून आणला," मी म्हणाले. "आवाज घुमतो म्हणून."

"धूर साफ करणारं भांडं काढून फेकलंय. वॉरंटी गेली. पण त्याने काही सहा होणार नाही." ती विचारात पडली. "काकू, दुपारी गाडीला कुणी हात लावतं?"

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "कोण लावणार? मला तर तिचं दारसुद्धा उघडता येत नाही."

देवघरातल्या खिळ्याला किल्ली लटकलेली असायची. रश्मीची कागदपत्रं उरकली तशी मी तिला गाडी आत ठेवायला सांगितलं. तिने बसून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. "बघा, आता सुरूच होत नाही!" ती खिडकीतून म्हणाली.

"अगं, आधी ब्रेकवर पाय ठेव," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. रश्मी क्षणभर आरशात काहीतरी बघत राहिली. मग तिने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि मला हाक मारली. "ताई, हे बघा. ॲव्हरेज स्पीड ताशी आठ किलोमीटर. इतक्या सावकाश तर वरातीतला घोडापण चालत नाही."

"म्हणजे?"

ती काही सांगणार तेवढ्यात घरातला पंखा गरगरत थांबला. लाईट गेली. कडेवरच्या ठकूने वर पाहिलं, खुदकन हसली, ओठांचा चंबू केला.

"घूंऽऽ," म्हणाली. "घूंऽऽ." आणि दोन्ही हात पसरून आजीकडे झेपावली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "भुंग्याला म्हणते," त्या घाईघाईने म्हणाल्या. "चिकूवर भुंगे असतात ना."

रश्मीने हेल्मेट घातलं. जाताना हळूच म्हणाली, "उद्या अच्छाडला एक काम आहे. तलासरीला तुमच्या ऑफिसात येऊ का? हे घरात बोलण्यासारखं नाही."

५

दुसऱ्या दिवशी मी रजा वाढवणार होते. सासूबाईच म्हणाल्या, "जा तू. किती दिवस घरी बसशील? खेळतेय ती." ठकू खरंच खेळत होती. पातेल्यावर चमचा वाजवत होती. मी गेले. बसमध्ये बसल्यावर वाटलं उतरावं. उतरले नाही.

दुपारी रश्मी आली. माझ्या टेबलासमोर बसली, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि चक्क हसायला लागली.

"विपुलला सांगणार नसाल तर सांगते. ताई, ॲव्हरेज पाडायचा सगळ्यात सोपा उपाय माहितीय? गाडी हलवूच नका. किलोमीटर शून्य, पेट्रोल मात्र जळतंय. म्हणून स्पीड आठ, म्हणून ॲव्हरेज सहा. तुमची गाडी रोज फिरते त्यापेक्षा जास्त वेळ नुसती उभी राहून चालू असते."

"पण कोण लावतं चालू?"

"ज्यांना दार उघडता येत नाही, पण ब्रेकवर पाय ठेवावा लागतो हे माहीत आहे, त्या. मी मुद्दाम ठेवला नव्हता पाय." ती पुढे वाकली. "रागावू नका हो. काकू दुपारी एसी लावून बसतात, एवढंच. लाईट गेली की पोरीला घेऊन थंडाव्याला. म्हणून तर ती 'घूं' करून हात पसरते. मला तर गंमतच वाटली. आमची आजी असती तर तिनेही हेच..."

"कुठे बसतात?" मी विचारलं.

"गाडीत."

"गाडी कुठे असते तेव्हा?"

"शेडमध्..."

ती थांबली. तिचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. लाल ओठ. सासूबाईंचं पित्त, नेमकं त्याच दिवशी. धाकली गेल्यावरची दुपार. दवाखान्यातला ऑक्सिजन, आणि लगेच उठून बसलेली ठकू.

"शटर लावून घेत असतील," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "कुणी बघू नये म्हणून."

"ताई, त्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारं काहीच उरलेलं नाही," रश्मी कुजबुजली. "त्या धुरातला जो विषारी वायू असतो ना, त्याला वास नसतो. कळतसुद्धा नाही. फक्त झोप येते."

माझ्या डोक्यावरचा पंखा मंदावला. एक फेरी, अर्धी फेरी. थांबला.

"लाईट गेली वाटतं," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "डहाणूलापण नाहीये. आत्ताच घरून फोन आला होता."

६

सासूबाईंचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. विपुल उंबरगावला. शेजार म्हणावा तर वाडीपलीकडे, आणि त्या घराला कुलूप, लोक लग्नाला गेलेले.

रश्मीने ऑफिसमधल्या कुणाची तरी गाडी मागून घेतली होती. तलासरी ते डहाणू म्हणजे आधी हायवेने खाली चारोटी, मग आत. समोर ट्रकच ट्रक. मी फोनमधली नावं वर-खाली करत होते आणि एका नावावर येऊन थांबले.

धाकलीने फोन उचलला.

"धाकले, मी निलम. ठकू शेडमध्ये आहे. गाडीत. आजीबरोबर. धुराने मरतील गं दोघी. तू धाव."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तू बोलली, फाटकात पाय नको ठेवू."

"बोलले. चुकले. धाकले, तुझ्या पाया पडते..."

फोन ठेवला नाही तिने. कुठेतरी कमरेला खोचला असावा, कारण मग नुसता आवाजच आवाज यायला लागला. पाचोळा, श्वास, पुन्हा पाचोळा. मी फोन कानात रुतवला. फाटकाची कडी. मग तो आवाज आला. खोल, घुमणारा. घूंऽऽऽ.

"शटर उचल! आतून लावलं नसेल, नुसतं ओढलेलं असतं!"

लोखंड खडखडलं. आवाज एकदम मोठा झाला. "बाय गं," धाकली ओरडली. मग खोकली. मग दाराला हिसके दिल्याचे धप्‌ धप्‌ आवाज.

"उघडत नाय! झोपल्यात दोघी! उघडत नाय बाई!"

"काच फोड! दगड घे! ठकू कुठल्या बाजूला आहे बघ, दुसरी काच फोड!"

एक धक्का. दुसरा. काच फुटली. आणि फोन बंद झाला.

पुढचा रस्ता मला आठवत नाही. रश्मी हॉर्नवरून हात काढत नव्हती, एवढंच आठवतं. आशागड मागे पडलं तेव्हा मी देवाला काहीच मागत नव्हते. मागायला शब्द लागतात.

फाटक सताड उघडं होतं. चिकूच्या सावलीत सासूबाई एका कुशीवर पडल्या होत्या, छाती हलत होती. पलीकडे धाकली बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. डाव्या हातावर ठकू.

ठकू हलत नव्हती.

मी काही अंतरावरच थांबले. पुढे जायचं धाडस होईना. पुढे गेले नाही तोवर काही घडलेलं नव्हतं.

"रडली मगाशी," धाकली म्हणाली. "एकदा रडली. ये, घे."

मी तिला घेतलं, छातीशी लावलं, पाठ चोळत राहिले, तिच्या कानात तिचं नाव सांगत राहिले. रश्मी गाडी वळवत होती. आणि मग माझ्या मानेशी, आधी बारीक, मग चिडून, मग जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा मोठ्याने, ठकूने टाहो फोडला.

७

दोघींना एकाच खोलीत ठेवलं. ठकू दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्कीट मागू लागली. सासूबाईंना बोलायला दुपार झाली.

"मला वाटलं पेट्रोलच तर जातंय," त्या मास्क बाजूला करून म्हणाल्या. "लाईट गेली की तिच्या मानेवर घामोळं फुलायचं, निलम. रडून रडून श्वास कोंडायचा. आणि गाडीत बसवलं की लगेच झोपायची. इतकी शांत झोपायची. विपुलने बटण कसं दाबतात ते कौतुकाने दाखवलं होतं एकदा. त्याला कळलं असतं तर ओरडला असता. म्हणून शटर ओढायचे."

"धाकलीवर आळ आला तेव्हा का नाही बोललात?"

"बोलणारच होते. तेवढ्यात ती रश्मी म्हणाली ना, चोरी नाही म्हणून. वाटलं, सुटली बाई. बाळाचं याच्यामुळे होतंय, हे माझ्या मनातसुद्धा नाही आलं गं." त्या रडत नव्हत्या. रडणं बरं वाटलं असतं, इतक्या कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या.

विपुल दाराशी उभा होता. "सायलेन्सर मी बसवला, आई," तो म्हणाला.

धाकली हाताला टाके घालून बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले. "परत ये, धाकले."

"पोरीला बघाया येन," ती म्हणाली. "कामाला नाय येत."

"मी माफी मागते."

"मागितली तू. फोनवर." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "तू पोलिसांचा नाव काढला तवा माझा पोरगा बाजूला उभा होता. त्याला आता मी काय सांगू?"



खोलीत परत आले तर ठकू कॉटच्या कठड्याला धरून उभी, शेजारच्या पलंगाकडे हात पसरून. सासूबाईंनी दोन्ही हात चादरीखाली लपवले होते.

"माझ्याजवळ नको आणूस तिला," त्या म्हणाल्या. "आता मी नाही हात लावायची."

बाहेरून डॉक्टरांनी मला हाक मारली. औषधं समजून घ्यायची होती. मी ठकूला उचललं. तिच्या केसांना दवाखान्याचा वास होता आणि त्याच्याखाली, अगदी खाली, तिचा स्वतःचा. मला तिला घेऊनच बाहेर जावंसं वाटत होतं. आयुष्यभर कडेवर घेऊनच फिरावंसं वाटत होतं.

मी तिला सासूबाईंच्या कुशीत ठेवलं.

"निलम, नको गं."

"आलेच मी," म्हणाले आणि निघाले. दारापर्यंत माझी पाठ नुसती कान झाली होती. आधी काहीच ऐकू येईना. मग ठकूने काहीतरी सांगायला सुरुवात केली, तिच्या भाषेत, लांबलचक. आणि मास्कच्या आतून, घोगऱ्या आवाजात, सासूबाई तिला हुंकार देऊ लागल्या.

दार मी उघडंच ठेवलं. पण वळून पाहिलं नाही.